चिप म्हणते, मालक आहे

आमच्या घरात माणूस गेला की त्याच्या चालत्या वस्तू थांबवतात. मनगटी घड्याळाचा सेल काढायचा, रेडिओचे काढायचे, टॉर्चचे काढायचे, आणि तेरवीपर्यंत सगळे एका वाटीत घालून देवळीत ठेवायचे. तेरवी आटोपली की घरातला मोठा माणूस स्वतःच्या हातानं ते परत बसवतो. मग ती वस्तू पुढे कुणी वापरायची ते ठरतं. ही रीत कुठल्या पोथीत नाही आणि गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या घरातही नाही. आजोबांनी ती कधीतरी सुरू केली आणि बाबांनी धर्मासारखी पाळली. दोघेही मोटार वाइंडिंगवाले. कापसातली सरकी काढणाऱ्या दिग्रसच्या जिनिंगमधल्या मोटारी जळाल्या की आमच्या ओसरीवर यायच्या, आणि बाबा त्यांची जळकी तार उलगडून नवी भरायचे. चालती वस्तू आधी थांबवायची, मगच तिला हात लावायचा, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. त्यातूनच ही रीत आली असावी.

आई गेली तेव्हा तिच्या रेडिओचे सेल वाटीत गेले. पुढच्याच वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. पुसदच्या रस्त्यावर, कापसाच्या ट्रकखाली, मोटारसायकलसकट. त्याच्या वस्तू थांबवायला बाबा बसले तेव्हा मी आतल्या खोलीत बायकांच्या घोळक्यात होते, नाहीतर हात धरला असता. घड्याळ झालं, टॉर्च झाली. मग त्यांनी त्याचा लॅपटॉप पालथा घातला, हत्यारांतला बारीक पेचकस घेतला, सगळे स्क्रू काढले, मोठी बॅटरी सोडवली आणि बोर्डावर बसवलेला गोल, चपटा सेलही उचकटून वाटीत टाकला. सुतकात बसून हा उद्योग करणारा बाप अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही.

तो गोल सेल मशीनच्या सेटिंग सांभाळतो. तो काढला की मशीन माणसानं लावून दिलेलं सगळं वळण विसरतं आणि कारखान्यातून निघालं तसं कोरं होतं. डिस्कवरचं काही जात नाही. पण भावाच्या डिस्कला कुलूप होतं. तो पीक पाहणीचं काम करायचा. राळेगावकडे, बाभुळगावकडे शेताशेतांत जाऊन बोंडांचे फोटो काढायचा. त्या वर्षी गुलाबी अळीनं कापूस आतून खाल्ला होता. वरून बोंड धड दिसायचं, फोडलं की आत काळी कुजकी सरकी. कुणाच्या शेतात किती नुकसान, हे त्याच्या फोटोंवर ठरायचं, म्हणून गोड बोलणारे आणि दम देणारे दोन्ही प्रकारचे लोक त्याच्या मागे असायचे. त्यानं शहाणपणा केला आणि डिस्क कुलूपबंद केली. ते कुलूप कसं घालायचं ते मीच त्याला शिकवलं होतं.

मला त्या लॅपटॉपमधून एकच गोष्ट हवी होती. आईचा आवाज. आईचे फोटो घरात पुष्कळ आहेत, पण तिचं बोलणं कुणी भरून ठेवलेलं नव्हतं. फक्त भावानं एकदा ती स्वयंपाक करत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, आणि मोबाइल भरला म्हणून तो लॅपटॉपमध्ये टाकला होता. "ताई, देतो तुले कधी," असं तो म्हणायचा, आणि मी म्हणायची, घाई काय आहे. त्या हिवाळ्यात एक दिवस माझ्या लक्षात आलं की आईचा आवाज मला आठवत नाही. ती काय बोलायची ते शब्दन् शब्द आठवायचं, पण ऐकू यायचं ते माझ्याच आवाजात. मी दुकानात बसल्या बसल्या घाबरले. आई दुसऱ्यांदा मरत होती आणि या वेळी माझ्या डोक्यात मरत होती. हे मी कुणाला बोलले नाही. बाबांना तर नाहीच, कारण आई गेल्यापासून तिचा विषय निघाला की ते उठून बाहेर जायचे.

तेरवीनंतर बाबांनी दोन्ही सेल जागेवर बसवले आणि मला निरोप धाडला. मी गेले, बटण दाबलं. लॅपटॉप चालू झाला. मशीनच्या घड्याळात भाऊ शाळेत जायचा त्या काळची कुठलीतरी तारीख होती, आणि पडद्यावर निळ्या रंगात मागणी होती : आणीबाणीची लांबलचक किल्ली टाका. ती किल्ली भावानं मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. मोबाइलचे तुकडे पोलिसांनी आम्हाला पिशवीत घालून दिले होते.

"मी दुकानात नेतो हे," मी म्हटलं. आमच्याकडे पोरीही घरात अशाच बोलतात.

"घरातली वस्तू घरातच राहीन," बाबा म्हणाले. "तुले काय करायचं ते इथं बसून कर."

वाद घालून उपयोग नव्हता. बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दिवसभर दहा जणांशी भांडून मी कामं करून घेते. पण बाबांपुढे माझी मात्रा चालत नाही. मग दर रविवारी, जेवणं आटोपून, मी त्यांच्या घरी जाऊन बसू लागले. एरवी त्या दिवसांत आमच्या गल्लीत ओरडून बोलावं लागतं. मागेच जिनिंग आहे, आणि हंगामात ती दिवसभर घरघरत असते. त्या वर्षी कापूसच नव्हता, मिल गप्प होती. भावाच्या लॅपटॉपचा पंखा भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतकी शांतता होती. पंख्यातून पहिल्या दिवशी रुईचा, कापसाच्या तंतूंचा, एक गोळा निघाला. आमच्या गावातल्या प्रत्येक मशीनमधून निघतो, तरी तो मला चिमटीत धरवला नाही.

आता त्या चिपविषयी सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशी अडली होती. लॅपटॉपच्या बोर्डावर तुरीच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी एक काळी चौकोनी चिप असते. डिस्कच्या कुलपाची किल्ली तिच्या पोटात असते. मशीन नेहमीसारखं जागं झालं, त्यात काही बदललेलं नाही, अशी खात्री पटली आणि वर माणसानं आपला पिन बरोबर टाकला, तरच ती किल्ली देते. मारून, ठोकून, विनवून ती किल्ली निघत नाही. पण स्वतःविषयीच्या बाकी गोष्टी ती सांगते. तिच्याशी थेट बोलता येत नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती आपल्या वतीनं विचारते. तुला कुणी बनवलं, तू कितव्या पिढीची, तू चालू आहेस का, तुला मालक आहे का, किती वेळा चुकीचा पिन पडला. यातल्या काही उत्तरांना ऑपरेटिंग सिस्टिम फायलींचं रूप देते. त्या एका फोल्डरमध्ये दिसतात, पण डिस्कवर कुठेच नसतात. आपण उघडतो त्या क्षणी तिकडे प्रश्न जातो आणि उत्तर अक्षरांत उमटतं. मी हे काम वर्षानुवर्षं करते आहे, पण त्या बंद घरात बसून तशी फाइल उघडताना अंगावर काटा आला. लहानपणी पोरी वाटी पालथी घालून आत्मा बोलवायच्या, त्यातलंच काही करते आहे असं वाटलं.

पहिल्या रविवारी आधी तर काहीच उत्तर आलं नाही. डिस्कला कुलूप, म्हणून मी माझ्या पेनड्राइव्हवरची ऑपरेटिंग सिस्टिम त्या मशीनवर चालू केली आणि चिपचं फोल्डर उघडलं. रिकामं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मते त्या मशीनमध्ये अशी कुठली चिप नव्हतीच. मी लॅपटॉप उघडला. चिप जागच्या जागी होती, मी तिच्यावर बोट ठेवलं, ती किंचित कोमट होती. परत चालू केला. नाही. बोटाखाली आहे आणि विचारलं तर नाही.

विचार केल्यावर कारण सापडलं. गोल सेल काढल्यामुळे मशीन कोरं झालं होतं, आणि कोऱ्या मशीनमध्ये ती चिप झाकलेली असते. मी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, शिरले. "चिप दाखवा" असा पर्याय होता, आणि त्याच्या लगेच खाली "चिप कोरी करा". हा दुसरा दाबला असता तर किल्ली कायमची गेली असती, आणि आईही. आमच्या धंद्यात निम्मी पोरं पडदा जे विचारेल त्याला हो म्हणत सुटतात. मी डावा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटानं वरचा पर्याय निवडला. मग अनोळखी सिस्टिमला चालू होऊ न देणारी सेटिंग, जी भावाकडून मीच चालू करून घेतली होती, तीही परत लावली. माझी पेनड्राइव्हवरची सिस्टिम त्या सेटिंगच्या ओळखीतली होती, म्हणून ती अडली नाही.

या वेळी फोल्डरमध्ये चिप होती. मी एकेक विचारत गेले. बनवणारी कंपनी, पिढी, चालू आहे : होय. मग ती ओळ आली. मालक आहे : होय.

याचा अर्थ एवढाच, की कुणीतरी कधीतरी या चिपचा ताबा घेतला आहे आणि अजून सोडलेला नाही. मला तो अर्थ पाठ आहे. पण तेरवी होऊन गेली होती, खुंटीवर त्याचा शर्ट लटकत होता आणि ती म्हणत होती, मालक आहे. मी मागे वळून पाहिलं. बाबा ओसरीवर बसून तंबाखू मळत होते.

मशीन पुन्हा चालू केलं तर निळी मागणी गेली होती. आता ते साधा पिन मागत होतं, भाऊ असताना मागायचं तसं. त्याची जन्मतारीख टाकून पाहिली. चूक. परत पेनड्राइव्हवरून शिरले आणि चिपला विचारलं, किती चुका. उत्तर आलं, एक. मला आनंद झाला! मशीन अनोळखी वाटलं तर ही चिप पिन पाहण्याच्या आधीच तोंड फिरवते, चूकसुद्धा मोजत नाही. तिनं मोजली, म्हणजे मशीन तिला ओळखीचं वाटलं. आता फक्त आकडा हवा होता. उगाच अंदाज मारत बसायचं नाही, नीट आठवून मगच टाकायचा, असं ठरवून मी घरी गेले.

पुढच्या रविवारी आल्या आल्या चिपला विचारलं. चुका चार.

मला वाटलं, माझंच वाचताना चुकलं. परत विचारलं. चारच. मधल्या आठवड्यात घरात बाबांशिवाय कुणी नव्हतं, आणि बाबांनी आयुष्यात कीबोर्डला हात लावलेला नव्हता. मोबाइलवर आलेला फोनसुद्धा ते चार वेळा कापायचे.

"बाबा, याले कोणी हात लावला का?"

"कोन लावन? मी एकटाच त हावो घरात."

त्याच्या पुढच्या रविवारी सात. मग अकरा. मी चिप खराब झाली असेल असं धरून माझी वाचायची पद्धत दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर पडताळली, मग पद्धतच बदलून पाहिली. उत्तर तेच. ती चिप खोटं बोलत नव्हती. मी नसताना कुणीतरी त्या मशीनपुढे बसत होतं, ते नीट चालू करत होतं, आणि चुकीचा आकडा टाकत होतं. मी स्वभावानं भित्री नाही. पण त्या दिवशी घरी जाताना मी गल्लीच्या तोंडापर्यंत जवळजवळ पळाले, आणि मग स्वतःवरच चिडले.

त्यात समोर राहणाऱ्या खालांनी भर घातली. त्यांचा मुलगा मोटारसायकल दुरुस्त करतो. त्या दिवसभर दारात बसून गल्लीवर नजर ठेवतात, आणि त्यांच्या नजरेतून मांजर सुटत नाही. मला थांबवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बेटा, एक बात पूछू? तुमचे बाबा दुपारी कुलूप लावून जातेत नं, तवा तुमच्या घरात कोन असते?"

"कोणी नाही. काहून?"

"टक टक आवाज येते. थोडा येते, मंग थांबते. मंग परत येते." त्यांनी दाराच्या चौकटीवर बोटानं वाजवून दाखवलं. "पहिले मिल चालू राहे त काही ऐकू नाही ये. आता सगळं ऐकू येते. मी त डरून आयतल कुर्सीची दुआ पढून घेतली." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचा बाबू असाच टकटक करत बसे नं दुपारी?"

भाऊ असाच बसायचा. सकाळी शेतं फिरून यायचा आणि दुपारी फोटो चढवत बसायचा. मी खालांना काहीतरी थातुरमातुर उत्तर देऊन निघाले.

मी चिपकडून आणखी दोन गोष्टी विचारून घेतल्या होत्या. किती चुकांनंतर ती स्वतःला बंद करते, आणि मग किती वेळानं सोडते. बत्तीस चुका झाल्या की ती खरा पिनसुद्धा ऐकून घेत नाही. दर दोन तासांनी ती एक चूक विसरते, पण मशीन चालू असेल तरच. बंद मशीनमध्ये ती काही विसरत नाही. हे मी बाबांना समजावून सांगितलं होतं. कुणी हात लावत असेल तर लावू देऊ नका. फार चुका झाल्या की ते आतून बंद करून घेतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग कोनालेच उघडत नाही?" मी म्हटलं, "कोणालेच नाही." पुढच्या खेपेला चुका एकदम वाढल्या होत्या.

मग मात्र मी रविवारची वाट पाहिली नाही. एका कामाच्या दिवशी भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि घरी गेले. ऊन रखरखत होतं, गल्लीत कुत्रंही नव्हतं. समोरच्या दाराला बाहेरून कुलूप. मी कुलपाजवळ कान नेला. टक. टक. टक टक. थोडी शांतता, आणि परत.

मी बोळातून वळसा घालून परसात गेले. मागचं दार लोटलेलं होतं. ते उघडायला हात उचलला, पण तो पुढे जाईना. आत कोण दिसलं तर मला हवं होतं आणि कोण दिसलं तर नको होतं, हे मलाच कळेना. शेवटी खांद्यानं ढकललं.

आत बाबा होते. माझ्याकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसले होते, लॅपटॉप पाटावर. एका बोटानं ते आकडे दाबत होते. पडद्यानं नाही म्हटलं. त्यांनी थोडं थांबून परत दाबले. परत नाही. आणि मग लहान पोराला झोपवताना बोलतात तशा आवाजात ते पडद्याला म्हणाले, "उघडू नको, बाबू. ताई आली तरी उघडू नको."

भीती तिथेच संपली आणि तिच्या जागी राग आला. "बाबा! काय करून राह्यले तुम्ही?"

ते दचकले नाहीत. बोट उचलून त्यांनी हात मांडीवर ठेवला. "चुकीचा टाकून राह्यलो," ते म्हणाले.

"मंग बरोबरचा ठाव हाय का तुमाले?"

"रोज माह्यासमोरच टाके तो. बोट कुठं गेलं, कितीक डाव गेलं, दिसते मले."

"अन् मी इतके रविवार इथं डोकं आपटून राह्यली! काहून नाही सांगितला?"

"तू विचारला का मले?"

हे खरं होतं. घरातल्या म्हाताऱ्याला विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण मी माघार घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते. "आता सांगा. अन् हे चोरासारखं कुलूप लावून मागून येणं कायले?"

बाबा पडद्याकडे पाहत म्हणाले, "दार बाहेरून लावलं असलं त घर रिकामं असते, बाई. आतून कडी असली त कोनीतरी आत असते. हे आतून लावलेलं हाय. तूच म्हटलं नं, लय चुकलं का आतून बंद करून घेते. मले बरं वाटलं. मी इथं येतो, टाकतो, ते नाही म्हणते. म्हणजे हाय कोनी. तू ते उघडशीन. आत फोटो राहीन. कापसाचे, अळ्याचे. तो नसन. मंग मी कुठं पाहू त्याले?"

ज्या ओळीनं मी पहिल्या दिवशी मागे वळून पाहिलं होतं, ती ओळ बाबांनी कधी वाचली नव्हती. तरी तिच्याच भरवशावर ते रोज दुपारी इथे येऊन बसत होते. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि रडले. भाऊ गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते.

"बाबा," मी म्हटलं, "त्याच्यात माय हाय."

"कोन?"

"माय. बाबूनं तिचा व्हिडिओ काढला होता, स्वयंपाक करतानी. बोलते ती त्याच्यात. मले तिचा आवाज नाही आठवत आता. म्हणून पाहिजे मले ते."

नेहमीसारखे ते उठून जातील असं वाटलं. ते उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मले वाटे, म्हातारपणानं मलेच आठवत नाही."

मग त्यांनी मला आकडा सांगितला. तो इथे लिहीत नाही. भावाला आवडलं नसतं. मी टाकायला हात पुढे केला तर मशीननं तो घेतलाच नाही. पेनड्राइव्हवरून शिरून चिपला विचारलं. बत्तीस. बाबांनी त्या दुपारी आपलं काम पूर्ण केलं होतं. आता खऱ्या आकड्यालाही दार बंद होतं, आणि ती एक चूक विसरेपर्यंत मशीन जागं ठेवण्याशिवाय हातात काही नव्हतं.

आम्ही दोघं बसून राहिलो. लॅपटॉपची बॅटरी दमलेली होती, लाइन गेली असती तर सगळं मुसळ केरात. बाबा मधूनमधून छताच्या पंख्याकडे पाहायचे, तो फिरतो आहे ना म्हणून. मी थोड्या थोड्या वेळानं चिपला विचारायची आणि ती तेच उत्तर द्यायची. बाबांनी एकदा विचारलं, "तिले राग आला का?" मी म्हटलं, तिला राग येत नाही, ती फक्त मोजते. "मंग बरं," ते म्हणाले. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत भिंतीवर चढली. आम्ही भावाविषयी बोललो नाही की आईविषयी बोललो नाही. पण आई गेल्यापासून एका खोलीत इतका वेळ आम्ही दोघं बसलोच नव्हतो.

मग एकदा विचारलं तर उत्तर एकतीस आलं.

म्हणजे एक संधी. ही चुकली तर परत दोन तास. मी मशीन बंद करून चालू केलं. पिनचा पडदा आला तसे बाबा उठले. "मी बाहेर बसतो," ते म्हणाले. "तू पाहून घे." त्यांची इच्छा मला कळली, मी आग्रह केला नाही. ते परसात जाऊन बाजेवर बसल्याचा आवाज आला.

मी आकडा टाकला. एकेक, थांबून. चिपनं किल्ली दिली. काही वाजलं नाही, काही लखलखलं नाही, फक्त नाही म्हणणारी ओळ आली नाही आणि त्याच्या लॅपटॉपचा नेहमीचा पडदा समोर आला. बाबा म्हणाले होते तसंच होतं सगळं. फोल्डरमागून फोल्डर, गावांची नावं, किडलेली बोंडं, अळ्या. मी शोधत शोधत खाली गेले. एका फोल्डरला त्यानं फक्त "घर" असं नाव दिलं होतं. त्यात एकच फाइल होती. मी आवाज पूर्ण वाढवला आणि ती चालू केली.

चूल दिसली, आईचे हात दिसले, परातीतलं पीठ दिसलं. भाऊ मागून हसत होता. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ठेव ते अन् पाणी भर." तो आवाज ऐकताच मला कळलं की मी जे आठवत होते ते सगळं चूक होतं. तिचा आवाज जाड होता, थोडा बसलेला, आणि शब्दाच्या शेवटी वर जाणारा. मी तोंडावर हात दाबून धरला. तव्यावरची भाकर तिनं टोपल्यात टाकली, मान वळवली आणि दाराकडे तोंड करून मोठ्यानं हाक मारली.

"आयकलं का? या नं जेवाले. भाकर थंडी होऊन राह्यली."

परसातून बाबा म्हणाले, "आलो."

व्हिडिओ पुढे चालतच होता. थांबवायला मी बोट उचललं होतं, ते तसंच राहिलं. बाहेर बाज करकरली, मग बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज आला. बाबा हात धूत होते.